उकिरड्याचा धनी कोण?

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण खेड्यात जन्मली आणि खेड्यातच ती खरी ठरते. तेथे उकिरड्याला धनी असतो. परसातला पालापाचोळा, गोठ्यातले शेण, चुलीतली राख यांचे कुजून खत होते, आणि खत म्हणजे उद्याचे पीक. म्हणून आपला उकिरडा कोठे संपतो व शेजाऱ्याचा कोठे सुरू होतो, याविषयी गावकरी जागरूक असतो. शहरात हाच केर उंबरठा ओलांडताक्षणी बेवारस होतो. त्याच्यावरून तंटा तेथेही माजतो. मात्र खेड्यातला तंटा ‘हे माझे’ म्हणून होतो, शहरातला ‘हे माझे नव्हे’ म्हणून.

बृहन्महाराष्ट्रातील आपणा मंडळींना या दुसऱ्या तंट्याची ओळख नव्याने करून द्यावयास नको. इंदूर-बडोद्याची जुनी घराणी सोडली, तर नोकरीच्या निमित्ताने दिल्ली, कलकत्ता, जबलपूर, हैदराबाद गाठणाऱ्या मराठी कुटुंबाने परप्रांतातले पहिले बिऱ्हाड बहुधा भाड्याच्या जागेतच थाटलेले असते. भिंतीला खिळा ठोकू नये, पाहुणा फार दिवस ठेवू नये, या अटी घरमालक आवर्जून सांगतो. केर कोठे टाकावा आणि तो तेथून कोणी उचलावा, याविषयी मात्र उभयपक्षी मौन असते. हे मौन फार जुने आहे. ते मोडण्याचे प्रयत्न राज्यकर्त्यांनी कसे केले, आणि प्रत्येक वेळी बोट कोणाकडे दाखविले, हे पाहणे आम्हांस उद्बोधक वाटते.

आपल्याकडील जुन्या शास्त्रकारांनी घर कोणाचे, हे विचारलेच नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगताना रस्त्यावर केर टाकणाऱ्यास पण या नाण्याचा आठवा हिस्सा दंड सांगितला आहे. चिखलपाण्याने रस्ता अडविला तर पाव पण, आणि तो राजमार्ग असेल तर दुप्पट. मेलेले मांजर, कुत्रे, मुंगूस वा साप नगरात टाकल्यास तीन पण, गाढव, उंट, घोडा वा गुराचे कलेवर टाकल्यास सहा. देवळापाशी वा पाणवठ्यापाशी घाण करणारालाही दंड आहे. परंतु औषधामुळे, व्याधीमुळे किंवा भीतीमुळे तसे घडले असेल तर तो माफ! मनुस्मृतीतही राजमार्गावर घाण करणाऱ्याने दोन कार्षापण द्यावेत व घाण स्वतः काढावी असे आहे. वृद्ध, गर्भिणी व बालक यांना केवळ कानउघाडणी, पण सफाई त्यांनाही चुकत नाही. ज्या हाताने टाकले त्या हाताला दंड, हे यामागील तत्त्व. कौटिल्याला भाड्याच्या घरांची माहिती नव्हती असे मात्र नाही. भाडे भरणाऱ्यास हुसकावून लावणारा मालक आणि नको म्हटले असता ठाण मांडून बसणारा भाडेकरू, या दोघांनाही त्याने बारा पणांचा दंड ठेवला आहे. तथापि केराच्या प्रकरणात त्याने या दोघांना एकमेकांसमोर उभे केले नाही. टाकणारा हात दिसतो, असे त्याने गृहीत धरले असावे.

रोममध्ये तो हात दिसत नसे. तेथे गरिबांची वस्ती अनेक मजली भाड्याच्या इमारतींत असे. वरच्या मजल्यांवर लहान लहान खोल्या, खाली अरुंद रस्ता, आणि रात्री खिडकीतून मडकी, पाणी, केर असे काय काय खाली येई. कोणाच्या खिडकीतून आले हे कळले, तरी त्या खोलीतल्या कोणाच्या हातून पडले हे कसे ठरवावे? रोमन न्यायाधिकाऱ्याने काढलेला तोडगा असा : रहदारीच्या जागी वरून काही पडून नुकसान झाले, तर त्या जागेत जो राहतो त्याने दुप्पट भरपाई करावी, त्याने स्वतः टाकले की नाही, हा प्रश्नच नाही. स्वतंत्र नागरिक मेला तर पन्नास सुवर्णनाणी. एका खोलीत अनेक राहत असतील तर कोणाही एकाकडून सर्व रक्कम वसूल करावी, मागाहून ते आपसांत पाहून घेतील. घरात उतरलेला पाहुणा यातून सुटे, कारण तो ‘राहत’ नाही; भाडेकरू सुटत नसे. आणि घराचा धनी? तो दुसरीकडे राहत असेल तर त्याच्या केसालाही धक्का लागत नसे.

एवढ्यावरून रोमन कायदा मालकधार्जिणा होता असे कोणी म्हणेल, तर त्याने पापिनियन या न्यायपंडिताच्या नगराधिकाऱ्यांवरील ग्रंथाचा उतारा पाहावा. सम्राट जस्टिनियनने इसवी सन ५३३ मध्ये सिद्ध केलेल्या विधिसंग्रहात तो टिकून राहिला. घरासमोरचा रस्ता ज्याचा त्याने नीट ठेवावा, पाण्याचे उघडे पाट साफ करावेत; मालक हे करीत नसेल तर भाडेकरूने करावे व आलेला खर्च भाड्यातून वजा करून घ्यावा, असे तेथे म्हटले आहे. याच उताऱ्यात रस्त्यावर शेण, मेलेली जनावरे वा कातडी टाकू देऊ नयेत, अशीही ताकीद आहे. खिडकीतून जे पडते ते राहणाऱ्याचे, दारापुढे जे साचते ते धन्याचे, ही विभागणी आम्हांस फार शहाणपणाची वाटते. खर्च भाड्यातून वळता करण्याचा तो अधिकार आजच्या भाडेकरूने बजावून पाहावा, म्हणजे त्याचे मोल कळेल!

मधल्या शतकांची कथा येथे सांगत नाही. तीत फर्माने पुष्कळ आणि अंमल थोडा. एकदम १८८३ सालच्या पॅरिसकडे वळू. त्या वर्षी एझेन पुबेल हा कायद्याचा माजी अध्यापक सेन जिल्ह्याचा प्रीफेक्ट, म्हणजे राजधानीचा कारभारी, झाला. तोवर पॅरिसचा रिवाज असा होता की, घराघरांतला केर रात्री रस्त्यावर ओतावा. हातात आकडी व कंदील आणि पाठीवर टोपली घेतलेल्या चिंधीवाल्यांनी त्यातले हाडूक, चिंधी, कागद, काच वेचून घ्यावी. आणि सकाळी पालिकेच्या गाडीने उरलेसुरले उचलावे. २४ नोव्हेंबर १८८३ रोजी पुबेलने हुकूम काढला की, प्रत्येक घरमालकाने आपल्या भाडेकरूंसाठी झाकणाचे डबे पुरवावेत, केर त्यांतच भरावा, आणि गाडी येण्याच्या सुमारास ते बाहेर मांडावेत. डबे एक नव्हे, तीन : कुजणाऱ्या वस्तूंना एक, कागद-चिंध्यांना दुसरा, आणि फुटक्या काचा, खापऱ्या व कालवांचे शिंपले यांना तिसरा.

पुबेलची योजकता या हुकुमात दिसते. मोठ्या इमारतीतल्या प्रत्येक बिऱ्हाडावर पाळत ठेवणे पोलिसांना अशक्य; पण इमारतीला धनी एकच आणि त्याचे नाव-गाव सरकारदप्तरी नोंदलेले. म्हणून जबाबदारी त्याच्या दाराशी आणून ठेवली. परिणामी सगळे शहर त्याच्यावर उलटले. मालक म्हणू लागले, डब्यांचा खर्च आमच्या माथी का? दारवान म्हणू लागले, पहाटे उठून डबे ओढण्याचे काम आमच्या कराराबाहेरचे. वृत्तपत्रांनी डब्यालाच प्रीफेक्टचे नाव चिकटवले. चेष्टेने दिलेले ते नाव पुढे शब्दकोशात शिरले आणि फ्रेंच माणूस कचऱ्याच्या डब्याला आजही ‘पुबेल’च म्हणतो. याच गृहस्थाच्या कारकिर्दीत १८९४ साली प्रत्येक घराची मोरी भुयारी गटाराला जोडण्याची सक्ती मालकांवर झाली, तेव्हाही हीच ओरड झाली. तीन डब्यांची शिस्त मात्र रुजली नाही. लोक एकाच डब्यात सारे कोंबत राहिले.

ज्यांचे कोणी ऐकले नाही असा एक वर्ग या कलहात होता, तो चिंधीवाल्यांचा. केर जोवर रस्त्यावर पडत असे तोवर तो बेवारस, आणि म्हणून त्यांचा होता. डब्यात पडताच तो मालकाच्या अंगणातला झाला, आणि डबा गाडीच्या थोडाच आधी बाहेर येणार असल्याने वेचायला वेळही उरला नाही. हजारो कुटुंबांच्या पोटावर पाय आला. त्यांनी गिल्ला केला. ७ मार्च १८८४ च्या सुधारित हुकुमात काही सवलतीही मिळाल्या. तरीही या धंद्याचा उतार तेथूनच सुरू झाला. पुबेलचे चरित्र सांगणारे स्वच्छतेचे गोडवे गातात, ते योग्यच आहे. पण केरावर पोट भरणाऱ्याची त्यात एक ओळही नसावी, हे आम्हांस खटकते.

याच सुमारास, १८८८ साली, मुंबईचा म्युनिसिपल कायदा झाला. त्यात केर गोळा करून नेमलेल्या ठिकाणी व नेमलेल्या वेळी टाकण्याचे कर्तव्य ‘मालक व भोगवटादार’ या दोघांवर घातलेले आहे. हे ‘व’ अक्षर मोठे मासलेवाईक आहे. दोघेही जबाबदार म्हणजे व्यवहारात कोणीच नाही, हे चाळीत राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. शिवाय कायद्याच्या व्याख्येप्रमाणे भाडे वसूल करणारा तो मालक. मग तो खरा धनी असो वा त्याचा मेहता. दोन इमारतींच्या पाठींमधल्या चिंचोळ्या घरगल्लीत प्रत्येक मजल्यावरून केर पडे आणि तो कोणाचा, हा रोमचाच प्रश्न पुन्हा उभा राही. १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेग ओळखला, तेव्हा सरकारचे लक्ष या गल्ल्यांकडे गेले, आणि १८९८ मध्ये शहरसुधारणेसाठी स्वतंत्र ट्रस्ट स्थापन झाला. पिसवांचे व उंदरांचे रहस्य उलगडण्यास अवकाश होता. तूर्त सारा दोष घाणीवर होता, आणि घाणीचा दोष अर्थातच चाळकऱ्यांवर.

स्वातंत्र्याच्या वर्षी तराजूचे दुसरे पारडे खाली गेले. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण धरले, आणि पाणी, वीज, जिन्यातले दिवे यांच्या पंक्तीला सफाईची सोयही आणून बसवली. सबळ कारणावाचून मालकाने ती बंद करता कामा नये. १९५८ च्या दिल्ली भाडेनियंत्रण कायद्यातही हीच तरतूद आली. भाडेकरूला हा मोठा दिलासा होता, यात शंका नाही. परंतु भाडे गोठलेले आणि झाडूवाल्याचा पगार मात्र वाढता. तेव्हा मालकाने ही सोय बंद केली नाही, ती आपोआप बंद पडू दिली. जिन्याखाली ढीग साचले. या दुर्दशेचे खापर एकट्या मालकावर फोडणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. ज्याच्या उत्पन्नाला कुलूप घातले, त्याच्याकडून उदारपणाची अपेक्षा कायद्याने तरी करू नये.

आणि तो झाडूवाला? मालक व भाडेकरू यांची नावे असलेल्या या साऱ्या कलमांत त्याचा उल्लेख सापडतो तो एका विलक्षण ठिकाणी. १९११ चा पंजाब म्युनिसिपल कायदा दिल्लीलाही लागू होता. नवी दिल्लीचा कारभार तर १९९४ पर्यंत त्याच कायद्याने चाले. घरोघरचा केर व मैला काढण्याचा ज्याचा रूढीने चालत आलेला ‘हक्क’ आहे त्याने कामात कुचराई केली, तर भोगवटादाराच्या तक्रारीवरून त्याला दंड करावा, आणि पुन्हा गुन्हा घडल्यास तो हक्कच काढून घ्यावा, असे त्यात कलम होते. जन्माने लादलेल्या कामाला हक्क म्हणावे, आणि ते नीट न केल्यास शिक्षा करावी! ज्याने केर केला त्याच्या तक्रारीवर, ज्याने तो उचलला नाही त्याला दंड. कौटिल्याचा न्याय येथे नेमका उलटा झाला. मुंबई सरकारने १९४९ साली वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी समिती नेमली, तेव्हा कोठे या माणसाकडे कागदोपत्री कोणी पाहिले. या तथाकथित हक्कांचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने १९६५ मध्ये प्रा. मलकानी यांची समिती नेमली. डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा व्हायला १९९३ उजाडले, आणि तो अपुरा ठरल्याने २०१३ मध्ये दुसरा करावा लागला.

केंद्र सरकारने २०१६ साली घनकचऱ्याचे नियम केले, त्यांत मालक-भाडेकरूचा घोळ एका झटक्यात बाजूला सारला गेला. ज्याच्याकडून कचरा होतो तो जबाबदार : त्याने ओला, सुका व घातक असे तीन भाग करावेत, उचलण्याचे शुल्क द्यावे, आणि रस्त्यावर टाकल्यास जागच्या जागी दंड भरावा. तीन डबे पुबेलचे आणि दंड कौटिल्याचा, असे हे मिश्रण होते. ते नुसते कागदावरच राहिले असेही नाही. आपल्या होळकरांच्या इंदुराने दारोदार गाड्या फिरवून व दंडाच्या पावत्या फाडून २०१७ पासून ओळीने कित्येक वर्षे स्वच्छ शहरांत पहिला क्रमांक राखला, हे तेथल्या वाचकांस आम्ही काय सांगावे?

चिंधीवाल्याचे काय, हा पॅरिसला न सुटलेला प्रश्न मात्र पुण्यात निराळ्या रीतीने सोडवून पाहिला गेला. कचरा वेचणाऱ्या बायांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत तेथे १९९३ साली उभी राहिली. तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेने तिच्याशी करार केला. वेचणारी बाई घरोघर जाते, वेगळा केलेला केर घेते, त्यातला विकण्याजोगा माल स्वतःचा म्हणून ठेवते, आणि महिन्याचे शुल्क हातोहात मागून घेते. ते तिला द्यावे लागते दार उघडणाऱ्याने. सातबारा किंवा भाडेपावती ती पाहत नाही.