नळीवरचा रुपया

कॉलेजात असताना एनसीसीच्या कॅम्पमध्ये माझ्या वाट्याला पाच गोळ्या आल्या. त्याआधीचे तीन दिवस नुसती रिकामी रायफल. उस्ताद प्रत्येकाची चेंबर स्वतः तपासायचे आणि मग नळीवर रुपयाचं नाणं ठेवायचे. आपण चाप ओढायचा. ‘टक्’ झालं आणि नाणं हललं नाही, तर पास. माझं नाणं पहिल्या दिवशी दर वेळी पडलं.

याला ड्राय फायरिंग म्हणतात. खरी गोळी सुटताना आवाज आणि धक्का इतका असतो की त्यात बोटाची चूक लपून जाते. गोळी नसेल तर ती उघडी पडते. म्हणून ऑलिंपिकचे नेमबाजही हा सराव सोडत नाहीत.

आपल्याकडे त्याला पैशांचंही कारण आहे. १८७८च्या शस्त्र कायद्याने सामान्य भारतीयाच्या हातात परवान्याशिवाय बंदूक राहिली नाही. स्वातंत्र्यानंतर, १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी आहे. खेळाला घर मिळालं, पण चांगल्या रायफली आणि काडतुसं परदेशातूनच येत राहिली. गोळी महाग ती महागच.

तरीही एनसीसीतून आलेली मुंबईची अंजली वेदपाठक, म्हणजे आपली अंजली भागवत, २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचली. २०१०मध्ये कोल्हापूरची तेजस्विनी सावंत म्युनिकला विश्वविजेती झाली. १ ऑगस्ट २०२४ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलं. खाशाबा जाधवांच्या १९५२च्या पदकानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. खाशाबांना पाठवण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवलं होतं. स्वप्नीलच्या शिक्षक वडिलांनीही मुलाच्या नेमबाजीसाठी कर्ज काढलं.

२०२०च्या लॉकडाउनमध्ये रेंज बंद पडल्या, तेव्हा मोठमोठे नेमबाज घरातल्या भिंतीसमोर उभे राहून ‘टक् टक्’ करत होते. ते वाचून मीही दहिसरच्या आमच्या वन बीएचकेत टेप घेऊन बसलो. सगळ्यात लांब सरळ रेषा पाच मीटर. एअर रायफलचं अंतर दहा मीटर, लक्ष्यातला काळा गोळा ३०.५ मिलिमीटरचा. अंतर निम्मं, तर गोळाही निम्मा, सव्वापंधरा मिलिमीटर. प्रिंटआउटचा खर्च दोन रुपये.

खर्च इथे संपतो, काळजी मात्र संपत नाही. आमच्या भिंतीपलीकडे शेजारच्या काकूंचं देवघर आहे. म्हणून नियम कॅम्पमधलेच: रायफल रिकामी आहे हे दोनदा तपासायचं, डोळ्यांनी आणि बोटाने. छर्रे, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. ज्या भिंतीमागे माणसं राहतात तिच्याकडे नळी नको. घरात पोरं असतील तर सराव नाही. मध्येच फोन आला तर पुन्हा पहिल्यापासून तपासणी. सराव संपला की ‘संपलं’ असं मोठ्याने म्हणायचं आणि रायफल लगेच आत, कारण ‘अजून एकदाच’ म्हणतानाच घोटाळे होतात. स्प्रिंगची एअर रायफल छर्र्याशिवाय चालवली तर आतून बिघडते. .२२मध्ये डमी काडतूस घालायचं, नाहीतर फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते. मॅचच्या एअर रायफलमध्ये बहुधा ड्राय फायरची वेगळी सोय असते.

रायफलच नसेल? नुसतं वीस मिनिटं स्थिर उभं राहून बघा. मला पहिल्यांदा सात मिनिटंही जमलं नाही.

तो कॅम्पमधला रुपया अजून माझ्या पाकिटात आहे. परवा नळीवर ठेवला. तिसऱ्यांदा पडला.