अंगाने बारीक, तरीही शुगर? मधुमेह टाळणाऱ्या रोजच्या सवयी

‘तो तर काडीसारखा बारीक, त्याला कुठली शुगर होणार?’ हे वाक्य आम्ही मलकापुरात दावतीत ऐकतो, दवाखान्याच्या बाकावर ऐकतो, पालकसभेतही ऐकतो. हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी तपासणी लांबत जाते. टाइप 2 मधुमेह कित्येक वर्षं काहीही त्रास न देता अंगात राहू शकतो. तो कळतो तोवर डोळे, किडनी आणि पायांच्या नसांवर परिणाम सुरू झालेला असू शकतो. म्हणून तो होण्याआधीच सावध होणं बरं.

बारीक माणसालाही धोका का?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर अनेक वर्षं संशोधन केलं आहे. 2004 मध्ये त्यांनी आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच होतं, बीएमआय 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के होती आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. आपल्याकडे हातपाय बारीक असले तरी पोटाभोवती चरबी साठते, आणि ही चरबी इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरं सांगते.

घरबसल्या जोखीम मोजा

चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने भारतीयांसाठी सोपी गुणपद्धत तयार केली आहे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून टेप लावा.

- वय: 35 पेक्षा कमी 0, 35 ते 49 असल्यास 20, 50 किंवा जास्त 30
- कंबर: पुरुष 90 सेंमीच्या आत, स्त्री 80 च्या आत 0, पुरुष 90 ते 99, स्त्री 80 ते 89 असल्यास 10, त्याहून जास्त 20
- हालचाल: नियमित व्यायाम आणि कष्टाचं काम दोन्ही असेल तर 0, एकच असेल तर 20, दोन्ही नसेल तर 30
- आई-वडील: कुणालाच मधुमेह नाही 0, एकाला 10, दोघांना 20

बेरीज 60 किंवा जास्त आली तर जोखीम मोठी. समजा, बाजारपेठेतला एक दुकानदार, वय 42, दिसायला बारीक, कंबर 92, दिवसभर गल्ल्यावर बसून, व्यायाम नाही, वडिलांना मधुमेह. त्याचे गुण होतात 70. त्याने रक्ततपासणीला उशीर करू नये.

ताटात काय बदलायचं?

आपला शाहूवाडी तालुका भाताचा. भात सोडा असं आम्ही म्हणणार नाही, वाटी छोटी करा. अर्धं ताट भाजी-कोशिंबिरीचं, पाव ताट डाळ, अंडी, मासे किंवा मटणाचं, उरलेल्या पाव भागात भात किंवा भाकरी. आधी भाजी आणि सालन, भात शेवटी, असं खाल्लं तर जेवणानंतर साखर हळू चढते. बिर्याणी असेल त्या दिवशी सोबत रोटी आणि गोड दोन्ही नकोत.

आणि गुळाबद्दल. कोल्हापूरच्या गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्याला अभिमान आहेच. पण ‘गुळाचा चहा चालतो’ हे खरं नाही. गूळही रक्तातली साखर वाढवतोच. दिवसाला चार चहा आणि प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे आठ चमचे नुसते चहातून पोटात जातात. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेलात तर जिभेला सवय होते.

चालणं

चेन्नईत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 531 जणांवर झालेला अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. नुसता सर्वसाधारण सल्ला मिळालेल्या गटात तीन वर्षांत 100 पैकी 55 जणांना मधुमेह झाला. आहार सांभाळून रोज चालणाऱ्या गटात हे प्रमाण 39 वर आलं, तेही वजन फारसं न घटता.

रोज अर्धा तास झपझप चाला. जमल्यास मशिदीला गाडी न काढता पायी जा, फजरनंतर एक फेरी मारा. जेवणानंतर दहा मिनिटं शतपावली करा. आपल्याकडे पावसाळ्यात बाहेर पडणं मुश्कील होतं, तेव्हा घरात, ओसरीवर फेऱ्या मारा. घरातल्या बायकांना ‘दिवसभर काम करता ना, मग कशाला फिरायचं?’ असं विचारू नका. अम्मीला, बहिणीला सोबत घेऊन चाला.

रमजानमध्ये

पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला, ही शिकवण आपल्याला ठाऊक आहे. इफ्तारला मात्र ती विसरली जाते. रोजा एक-दोन खजूर आणि पाण्याने सोडा. लाल सरबत आणि तळलेली भजी रोजची नकोत. सहरी चुकवू नका. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन सुरू असेल तर रमजानच्या महिना-दोन महिने आधीच डॉक्टरांना भेटा. स्वतःच्या मनाने डोस बदलू नका.

तपासणी कधी?

उपाशीपोटी साखर 100 ते 125 असेल तर तो मधुमेहाचा उंबरठा, 126 किंवा जास्त असेल तर मधुमेह. पण निदान डॉक्टर पुन्हा तपासून पक्कं करतात. एचबीए1सी 5.7 ते 6.4 हाही उंबरठाच. वयाची 30 वर्षं पूर्ण केलेल्यांची मधुमेह तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, आशाताईंना विचारा. गरोदरपणात शुगर वाढली होती अशा भगिनींनी बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत आणि पुढेही नियमित तपासावं.

उंबरठ्यावरून मागे फिरता येतं. या जुम्म्याला घरातल्या सगळ्यांच्या कमरेला टेप लावा, गुण कागदावर लिहा आणि ज्याचे जास्त येतील त्याला सोमवारी तपासणीला घेऊन जा.