‘एक्झिबिशन’ : दाखविणें आणि झांकणें



परभणी जिल्ह्यांतील मानवत हें कापसाच्या व्यापाराचें जुनें गांव. हंगामांत तेथील बाजारांत कापसाच्या गाड्या लागल्या, कीं व्यापारी गाडीपाशीं येतो, कापसाची एक मूठ उपसून घेतो, दोन्ही आंगठ्यांच्या चिमटींत तंतु ओढून त्याची लांबी पाहतो, आणि मग भावाची गोष्ट निघते. त्या मुठीस आपण ‘नमुना’ म्हणतों. हा शब्द मूळचा फारसी. ‘दाखविणें’ ह्या अर्थाच्या क्रियापदापासून तो झाला. त्याच क्रियापदाचें दुसरें अपत्य म्हणजे ‘नुमाइश’. मानवत १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें आणि तेथील कारभाराची भाषा उर्दू होती. म्हणून इंग्रजी ‘एक्झिबिशन’ला त्या बाजूस जवळचा शब्द हाच. पुण्यामुंबईकडे त्याच अर्थीं ‘प्रदर्शन’ हा संस्कृत शब्द स्थिरावला.

ह्या इंग्रजी शब्दाचें मूळ लॅटिन आहे. हातांत असलेली वस्तु बाहेर काढून पुढें धरणें, एवढाच त्याचा मूळ अर्थ. रोमन कायद्यांत, ज्याच्या ताब्यांत वस्तु असेल त्यानें ती समोर आणून हजर करावी, अशी मागणी करणारा एक स्वतंत्र दावाच असे. ती छटा आजही कोर्टांत जिवंत आहे. पुराव्याच्या कागदावर ‘एक्झिबिट’ म्हणून जो आंकडा पडतो, त्यास आमच्या कोर्टांतील मराठींत ‘निशाणी’ म्हणतात. भाषांतर सोयीचें आहे खरें. परंतु त्यांत खूण तेवढी राहिली आणि ‘काढून पुढें धर’ हा मुळांतील दरारा गळाला.

इंग्रजींत ह्या शब्दाचा एक जुना अर्थ ‘पालनपोषणाचा खर्च’ असाही होता. त्यामुळेंच ऑक्सफर्ड-केंब्रिजकडे विद्यार्थ्यास मिळणाऱ्या एका वेतनास ‘एक्झिबिशन’ हें नांव पडलें. शिवाय, चारचौघांत स्वतःचें ‘एक्झिबिशन’ करून घेणें, हा निंदेचा अर्थ आहेच. त्यासाठीं आपल्याला बाहेर जावें लागत नाहीं. ‘शोभा’ आणि ‘तमाशा’ हे दोन शब्द घरचेच झालेले आहेत.

शब्दाला आजचा मोठा अर्थ आला तो १ मे १८५१ रोजीं, लंडनच्या हाइड पार्कांत. तेथें उभारलेल्या कांचेच्या प्रचंड मंदिरांत साडेपांच महिन्यांत साठ लाखांहून अधिक प्रेक्षकांची नोंद झाली. हिंदुस्थानचा मालही तेथें मांडलेला होता, आणि दोनच वर्षांपूर्वीं पंजाबाबरोबर इंग्रजांच्या हातीं पडलेला कोहिनूर प्रेक्षकांचें मोठें आकर्षण ठरला. ह्या प्रदर्शनाचा एक नियम मात्र ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. मांडलेल्या वस्तूवर किंमत लिहावयाची नाहीं! ही पेठ नव्हे, ही जगाची शाळा आहे, असा चालकांचा आव होता. जगांतील सर्वांत मोठ्या कारखानदार राष्ट्रानें आपला माल जगासमोर मांडावा आणि भाव तेवढा झांकून ठेवावा, ह्यांतला विनोद त्या काळीं किती जणांस जाणवला असेल, देव जाणे.

पुढें वस्तूंबरोबर माणसेंही मांडलीं जाऊं लागलीं. १८८६ सालीं लंडनला वसाहतींचें आणि हिंदुस्थानचें प्रदर्शन भरलें. तेथें विणकर, कुंभार आदि हिंदी कारागीर प्रेक्षकांसमोर बसून काम करीत. वाडवडिलांची कला चालविणारे कसबी लोक म्हणून त्यांची मांडणी झाली. प्रत्यक्षांत त्यांतील बहुतेक आग्र्याच्या तुरुंगांत काम शिकलेले बंदी होते. त्याच प्रदर्शनाच्या कामासाठीं विलायतेस गेलेले सरकारी अधिकारी त्रैलोक्यनाथ मुखर्जी ह्यांनीं १८८९ च्या आपल्या प्रवासवर्णनांत, बघ्यांची गर्दी आपल्याकडेही कशी टक लावून पाहत असे, तें नमूद केलें आहे. दाखविणाऱ्यांच्या बाजूचा विद्वान मनुष्यही दाखविण्याची वस्तु झाला!

आपल्या लोकांनीं हें साधन लवकरच स्वतःच्या हातीं घेतलें. मुंबईच्या राणीच्या बागेंतील संग्रहालयाची मुळें १८५५ च्या पॅरिस येथील प्रदर्शनासाठीं जमविलेल्या मालापर्यंत पोहोंचतात; परंतु १८७२ सालीं तें लोकांस खुलें झालें त्यामागें जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी ह्यांचे परिश्रम होते. १९०१ पासून काँग्रेसच्या अधिवेशनाला जोडून औद्योगिक प्रदर्शन भरूं लागलें. १९०४ मध्यें तें मुंबईस भरलें. येथें प्रेक्षक हा उद्यांचा गिऱ्हाईक होता. हा माल देशांत होतो, तो घ्या, असें त्यास उघड सांगावयाचें होतें.

हीच वृत्ति हैदराबादेंत दिसते. उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनीं १९३८ सालीं तेथें जी नुमाइश सुरू केली, तिच्या नांवांतच ‘मुल्की’ म्हणजे आपल्या मुलखांत बनलेल्या मालाचा उच्चार होता. सुमारें शंभर दुकानांपासून आरंभ झालेली ही नुमाइश आजही दर वर्षीं जानेवारीपासून नामपल्लीच्या मैदानावर भरते.

एक गंमत सांगितली पाहिजे. आपण ज्याला ‘प्रदर्शन’ म्हणतों, त्याला हिंदींत ‘प्रदर्शनी’ म्हणतात. आणि हिंदी वर्तमानपत्रांतलें ‘प्रदर्शन’ म्हणजे रस्त्यावर उतरून केलेली मराठी ‘निदर्शनें’. वस्तु पुढें धरणें आणि गाऱ्हाणें पुढें धरणें, ह्यांत दिल्लीच्या भाषेनें एकच शब्द वापरला. आपण दोन केले. मला आपली वांटणी अधिक बरी वाटते. मात्र आपल्या शहरांतून ‘प्रदर्शन व विक्री’ अशी जी पाटी जागोजाग लागते, तिच्यांतला ‘व’ फार बोलका आहे. १८५१ सालीं निषिद्ध असलेली गोष्ट त्या एका अक्षरानें आंत आली.

आतां पुन्हां मानवतच्या कापसाकडे वळूं. आपल्या देशांतील कितीतरी बाजारांत पूर्वीं असा प्रघात होता, कीं माल उघड्यावर असे, पण सौदा उपरण्याखालीं होई. अडत्या आणि खरेदीदार कापडाखालीं एकमेकांची बोटें दाबीत. अमुक बोटें म्हणजे अमुक रुपये. शेतकरी शेजारीं उभा असे, आणि त्याच्याच कापसाचा भाव त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्यापासून लपविलेला असे. शेवटीं आंकडा त्याला सांगितला जाई. मधली बोली त्याला कळत नसे. काचेच्या मंदिरांतला नियम तो हाच, फक्त कापडाचा.

हें उपरणें काढण्यासाठीं कायदे करावे लागले. वऱ्हाडांत कापसाच्या आणि धान्याच्या बाजारांचा कायदा १८९७ सालीं झाला. हैदराबाद संस्थानांत शेतमालाच्या बाजारांचा कायदा १९३० चा. महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६३ चा. त्यानें बाजार समितीच्या आवारांत उघड लिलावाचा दंडक घातला. ढिगाशेजारीं उभें राहून मोठ्यानें पुकारलेला भाव शेतकऱ्याच्या कानीं पडूं लागला. तो न पटल्यास माल न देण्याची मुभा त्यास आहे. गाडी परत नेण्याचें भाडें मात्र त्याचें त्यालाच भरावें लागतें.