लेक, पत्नी, आई आणि कार्यकर्ती

चळवळीच्या इतिहासात स्त्रीची ओळख बहुधा नात्यावरून होते. अमक्याची लेक, तमक्याची पत्नी, अमुक नेत्याची आई. तिने काम काय केले हे त्यानंतर. आणि ते करताना तिचे मूल कोणाजवळ होते, हे तर कोणी विचारतच नाही. साताऱ्याच्या प्रतिसरकारातील (१९४३-४६) दोन स्त्रियांकडे या प्रश्नातून पाहण्यासारखे आहे. त्यांची गावे आज काही सातारा, काही सांगली जिल्ह्यात आहेत. तेव्हा सातारा एकच होता.

हौसाबाई पाटील (१९२६-२०२१) या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या. आई लहानपणीच गेली. वडील तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत उतरले आणि सरकारने घर, जमीन जप्त केली. मामाने दिलेल्या बैलगाडीच्या भाड्यावर चूल पेटत होती. वडिलांच्या नावाने हौसाबाईंना कार्यकर्त्यांचा विश्वास मिळवून दिला. त्याच नावाने घरातली भाकरीही हिरावली.

भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवरा-बायकोच्या भांडणाचे सोंग वठवले गेले, तेव्हा मार खाणारी बायको झाल्या त्या हौसाबाई. पोलीस भांडण सोडवायला धावले आणि साथीदारांनी बंदुका पळवल्या. पुढे पोर्तुगीजांच्या गोव्यात कामगिरीवर जाताना त्यांनी आपले तान्हे मूल नात्यातल्या बाईच्या हवाली केले.

दुसऱ्या इंदुताई पाटणकर. १९२५ साली कराडजवळच्या इंदोलीत जन्मलेल्या इंदुताई ऐन तारुण्यात घर सोडून भूमिगतांना जाऊन मिळाल्या. कासेगावच्या बाबूजी पाटणकरांशी त्यांचा विवाह झाला. १९५२ साली बाबूजींचा खून झाला तेव्हा मुलगा भारत अवघ्या तीन वर्षांचा होता. इंदुताईंनी शिक्षिकेची नोकरी धरली. मातृत्वाने त्यांना घरात कोंडले नाही, उलट मिळवते केले. मात्र चळवळीला द्यायचा वेळ आता शाळेच्या घंटेतून आणि मुलाच्या आजारपणातून काढावा लागणार होता. तरीही पुढे परित्यक्ता स्त्रियांच्या लढ्यात त्या उभ्या राहिल्या. २०१७ साली त्या गेल्या.

नाना पाटीलही मागे लेक ठेवूनच भूमिगत झाले होते. ‘पोरीला कोणावर टाकून आलात?’ असे त्यांना कोणी विचारले नाही. तो त्याग ठरला. बाईने तेच केले की तिच्या आईपणाची झडती सुरू होते.

घराण्याने स्त्रीला वाट दाखवली, हे खरे. पण त्या वाटेवर तिला चालता आले ते मागे मूल सांभाळणाऱ्या दुसऱ्या बाईमुळे. ती आजी, मावशी, आत्या, शेजारीण कुठल्याही हुतात्मा स्मारकावर कोरलेली नसते. आजही शाळेत, कचेरीत, शेतात कामाला जाणाऱ्या प्रत्येक आईमागे ती असतेच. आपल्या घरातल्या त्या बाईचे नाव तरी आपण लिहून ठेवले आहे काय?