कोंड्याबरोबर गेलेले

प्रतापगडाचे नाव काढले की इतिहासाचा वाचक सह्याद्रीकडे पाहू लागतो. मी म्हणतो तो प्रतापगड गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. हा मुलूख धानाच्या बांध्यांचा. मला सांगायचा आहे तो त्या दाण्याचा इतिहास.

माझी आजी धान उखळात कांडी. तो तांदूळ तांबूस असे. गिरणीचा पांढराशुभ्र तांदूळ घरात आला, तेव्हा आम्हा पोरांना श्रीमंती आल्यासारखे वाटले. आजी म्हणाली, "दिसाले बेस हाय, पण याच्यातलं काहीतरी गेलं ना बापा!" आम्ही हसलो.

ते 'काहीतरी' शोधताना विद्वानांची उमर गेली. जावा बेटात बेरीबेरीने माणसे पांगळी होत. १८९० च्या सुमारास आयकमान या डच डॉक्टरच्या कोंबड्याही लंगडू लागल्या. त्यांना लष्करी इस्पितळातला पांढरा भात घातला जात होता. नव्या आचाऱ्याने तो देण्याचे नाकारले, कोंड्याचा तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या बऱ्या झाल्या! आयकमानला वाटले, पांढऱ्या भातात विष असावे. १९०१ साली ग्रिन्सने सांगितले, विष नव्हे, उणीव आहे. १९१२ साली फुंकने अशा द्रव्यांना 'व्हिटामिन' हे नाव दिले. १९२६ साली जावातच ब-१ जीवनसत्त्व कोंड्यातून वेगळे काढले गेले.

कोंड्याबरोबर लोहही जाते. २०२१ साली सरकारने पोषक तांदळाची घोषणा केली. साधारण शंभर दाण्यांत एक दाणा लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ घातलेला. शाळेच्या खिचडीत तो येताच गावात बोलवा उठली, की हा प्लास्टिकचा तांदूळ! आया ते दाणे निवडून टाकू लागल्या. कबूल करतो, मीही चार दाणे गुपचूप फेकले. मग वाचून पाहिले. ते तांदळाच्याच पिठाचे होते. दुसऱ्या दिवशी मुलांच्या पंगतीत बसून मी तीच खिचडी खाल्ली.

एका पोराने विचारले, "गुरुजी, परत घालायचंच होतं, तर काढलं कशाले?"

मी सांगितले, कोंड्यातले तेल खवट होते, म्हणून पांढरा तांदूळ अधिक टिकतो. धान आधी उकडले तर ब-१ दाण्यात मुरते. उत्तर खरे होते, पण अपुरे. पांढऱ्या भाताला श्रीमंती समजून आजीला हसणारांत मी होतो, हे मात्र त्याला सांगितले नाही. म्हणून येथे लिहिले.