आजोबांची 'विलायती' रॅले

आमच्या घरात लहानपणापासून ऐकत आलेली एक गोष्ट आहे. बेचाळीसच्या चळवळीत आजोबांनी नेरहून यवतमाळला रातोरात पत्रकं पोचवली, ती 'ह्या' सायकलवरून. 'ही' म्हणजे न्हाणीघरामागे पऱ्हाट्यांच्या ढिगाला टेकून गंजत पडलेली हिरवी सायकल. विलायती रॅले. पाहुणे आले की काका त्यांना मागच्या अंगणात नेऊन ती दाखवायचे, आणि पाहुणेही 'जुनं ते जुनंच' म्हणून मान डोलवायचे. तिच्यात हवा भरून पाहावी असं मात्र तीस वर्षांत कुणाला वाटलं नाही. मलाही नाही.

मागच्या उन्हाळ्यात घराची डागडुजी निघाली. भंगारवाला आला, त्याने पत्रे मोजले, जुना कूलर मोजला आणि सायकलच्या हँडलला हात घातला. तेव्हा कुठे माझ्या तोंडून 'ती नाही' निघालं. नाही तर म्हटलं, आता हिचं काहीतरी करायलाच हवं.

पहिले आठ दिवस नुसती सोलण्यात गेले. मागचं मडगार्ड काढलं तर आतून काळ्या मातीचा थर निघाला, दगडासारखा. ज्यांनी पावसाळ्यात आपल्याकडच्या पांदणरस्त्यांवर सायकल घातली आहे त्यांना सांगायला नको. चाक आणि मडगार्डच्या मध्ये चिखल गच्च बसतो, चाक फिरेनासं होतं, आणि मग माणूस सायकलवर नाही तर सायकल माणसाच्या खांद्यावर बसते. :)

पॅडलच्या दांड्याची कॉटर पिन तीन दिवस तेलात भिजवली तरी हलेना. शेवटी चौकातल्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काकाजी, चालवाची हाय का नुस्ती ठेवाची हाय?" म्हटलं, चालवायची. "मंग ठीक. ठेवाची असन तर मी हात नाई लावत." त्यांनी खाली लोखंडी नळी टेकवून वरून एकच घाव घातला आणि पिन बाहेर. माझे तीन दिवस वाया.

एक गोष्ट मला तिथे नव्याने कळली. इतक्या जुन्या सायकलचं सामान मिळणार कुठून, ही माझी काळजी फुकट होती. २८ इंची चाकं, दीड इंची टायर, रॉडचे ब्रेक, छर्रे, चेन, व्हॉल्व्ह ट्यूब, सगळं त्याच दुकानात टांगलेलं. शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडात ठरलेला हा साचा तिकडे कधीच मागे पडला, पण आपल्याकडे लुधियानावाले तो अजून काढतात, कारण दुधाच्या कॅना, गॅसची टाकी आणि कडबा वाहून नेणाऱ्यांना दुसरं काही परवडत नाही. अडलं ते फक्त सीटपाशी. मूळ चामडं सुकून तडकलं होतं. ते मी अजून बदललेलं नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. (काका, इथून पुढे जरा सबुरीने वाचा.)

सायकल हिरवी होती, कारण ऐंशीच्या दशकात कधीतरी फाटकाचा उरलेला ऑइलपेंट तिला फासला होता. फासणाऱ्याने हँडलखालच्या बिल्ल्यालाही सोडलं नव्हतं. रॅलेचा तो बिल्ला म्हणजे पक्ष्याचं डोकं. मिस्त्री त्याला बगळा म्हणतात. रंग काढायचं औषध लावून मी जुन्या टूथब्रशने तो घासत बसलो. आधी चोच आली, मग मान, मग 'रॅले' आणि अगदी खाली, बारीक अक्षरात, 'सेन-रॅले' आणि 'मेड इन इंडिया'.

म्हणजे ही सायकल नॉटिंगहॅमची नाही, आसनसोलची.

मग वाचायला बसलो. मराठी माणसाचं सायकलशी नातं तसं जुनंच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये भावाबरोबर बेळगावात काढलेलं दुकान सायकलींचं होतं. लोखंडी नांगर पुढे आला. पण पुढची पन्नास वर्षं इथे सायकल विकली जायची ती मुख्यतः बाहेरून आलेली: रॅले, हर्क्युलिस, हंबर, बीएसए. १९३९ च्या सुमारास बिर्लांनी मुंबईत वरळीला हिंद सायकल्स काढली. तेवढ्यात युद्ध लागलं. नॉटिंगहॅमचा रॅलेचा कारखाना सायकली सोडून युद्धसाहित्य बनवू लागला. त्या दिवसांत नेरसारख्या गावात विशीतल्या पोराकडे नवी रॅले असणं अवघडच होतं, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. सायकली आयात करण्यापेक्षा इथेच बनवायच्या असं धोरण आलं, आणि विलायती कंपन्यांनी भारतीय भागीदार शोधले. १९४९ मध्ये मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स सुरू झाली. कलकत्त्याचे सुधीरकुमार सेन आधी सायकली आयात करून विकत असत. त्यांनी रॅलेशी करार केला आणि १९५२ पासून आसनसोलजवळच्या कन्यापूरला सायकली तयार होऊ लागल्या. नाव रॅले, बगळा रॅलेचा, लोखंड आणि हात इथले. सोनिपतची अॅटलस १९५१ ची, लुधियानाची हीरो १९५६ ची. म्हणजे आमची सायकल १९५२ च्या आधीची असूच शकत नाही, आणि बेचाळीसची पत्रकं तिच्यावरून गेलेली असू शकत नाहीत.

दुसरा पुरावा सीटखालच्या चामडी पिशवीत निघाला. दोन पाने, एक वाळलेली सोल्युशनची ट्यूब आणि नगरपालिकेचा पितळी बिल्ला. पूर्वी सायकलवर वार्षिक कर असायचा आणि तो भरल्याची खूण म्हणून असा बिल्ला मिळायचा. नसला की दंड. चिंच लावून घासल्यावर आकडे दिसले: १९५८-५९. आजोबांची बदली त्या सुमारास यवतमाळला झाली होती. (त्यांची नोकरी मध्य प्रदेशात लागली, १९५६ च्या १ नोव्हेंबरला ती जागा न सोडता मुंबई राज्यात गेली आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आली. मास्तर तेच, शाळा खात्याची तीच!)

तीन-चार दिवस मी हे कुणाला सांगितलं नाही. काकांचा विचार करून खरंच वाईट वाटत होतं. शेवटी थोरल्या आत्याला फोन केला. ती पंच्याहत्तरीची आहे. मी बिल्ल्याचा आकडा सांगितला, तर म्हणाली, "हो, बरोबर आहे. मी तिसरीत होते तेव्हा आली ती. बाबांनी पहिल्या दिवशी तिला हार घातला होता."

"मग बेचाळीसचं?"

"अरे, तेव्हा सायकल कुठली? पायी गेले होते बाबा. आई सांगायची, संध्याकाळी निघाले, पोलिसांच्या भीतीने रस्ता सोडून शेताशेतातून, आणि सकाळी पोचले. परत यायला दोन दिवस लागले, पाय सुजले होते."

नेर ते यवतमाळ तीसेक किलोमीटर. ऑगस्ट-सप्टेंबरातलं काळं रान.

मी विचारलं, आत्या, हे तू कधी बोलली का नाहीस. "तुम्ही कुणी विचारलंत? तुम्ही सगळे सायकलभोवती उभे राहायचे, मी चहा करत असायचे."

मग तिने आणखी एक सांगितलं. १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपटं आणि पेन्शन सुरू झालं, तेव्हा लोक आजोबांना अर्ज करा म्हणत होते. त्यांनी केला नाही. तुरुंगात गेलो नाही, कुणी साक्षीदार नाही, एका रात्रीचं काय मागायचं, असं म्हणाले. त्यांच्या तोंडून ही गोष्ट आम्हा नातवंडांपैकी कुणीच ऐकलेली नाही. ते गेल्यावर गोष्ट घरात राहिली, सायकलही राहिली, आणि दोन्ही एकमेकींना कधी चिकटल्या ते कळलं नाही. काका खोटं बोलले असं मला मुळीच वाटत नाही. त्यांना गोष्ट दाखवायला काहीतरी वस्तू हवी होती, आणि पायी चाललेला रस्ता अंगणात ठेवता येत नाही.

आसनसोलच्या त्या कारखान्याचं पुढे बरं झालं नाही. १९७५ मध्ये सरकारने तो हाती घेतला, १९८० मध्ये राष्ट्रीयीकरण झालं, नाव सायकल कॉर्पोरेशन पडलं आणि काही वर्षांनी तो बंदच पडला. वरळीची हिंद सायकल्स गेली. अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० च्या ३ जूनला, नेमका जागतिक सायकल दिनी, थांबला.

मिस्त्रींना सायकलवर नवा काळा स्प्रे मारायचा होता. मी नको म्हटलं. हिरव्या थराखाली जुना काळा रंग आहे आणि चेनकव्हरवर सोनेरी रेघेचा वीतभर तुकडा शिल्लक आहे. तो झाकायचा नव्हता. मिस्त्री नाराज झाले. "लोकं म्हनतीन पैसे घेतले न कामच नाई केलं."

दिवाळीला काका आले. मी सगळं सांगितलं, बिल्ला हातात दिला. ते बराच वेळ चष्मा वरखाली करत तो पाहत बसले. मग सायकलजवळ गेले, घंटी वाजवली आणि म्हणाले, "पण रॅलेच आहे ना?"

म्हटलं, हो काका. रॅलेच आहे.