देवघरातील तसबीर

बेंगळुरूच्या कस्तुरबा मार्गावर २०२३ साली खुल्या झालेल्या कला आणि छायाचित्र संग्रहालयाने थोर चित्रकारांच्या कृतींबरोबर बाजारी छापील चित्रांचाही संग्रह केला आहे. राजा रविवर्मा यांच्या मुद्रित चित्रांचे जतन करणारी, त्यांच्याच नावाची हेरिटेज फाउंडेशन ही संस्थाही याच शहरातील. ज्या तसबिरी एके काळी ढिगांनी विकल्या जात, त्यांना हे मोल आले कोठून?

उत्तरासाठी महाराष्ट्रात यावे लागते. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. प्रत्येक रंगासाठी निराळी शिळा तयार करावी लागे, आणि एकच कागद त्या साऱ्या शिळांवर क्रमाने दाबला गेला म्हणजे लक्ष्मी किंवा सरस्वती पूर्ण होई. राजवाड्यांत अडकलेली चित्रे अशी सामान्यांच्या भिंतीवर आली. दादासाहेब फाळके यांनीही काही काळ येथे काम केले. रविवर्म्यांना मात्र हा व्यवसाय झेपला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला आणि १९७२ साली आगीत नष्ट झाला.

चित्रे विपुल होती, म्हणूनच ती कोणी जपली नाहीत. उदबत्तीच्या धुराने ती काळवंडली, वाळवीने खाल्ली; जीर्ण तसबीर नदीत सोडून नवी आणण्याची रीत होती. चित्रमय पोस्टकार्डांची गत याहून वेगळी नव्हती. विपुलतेनेच दुर्मीळतेला जन्म दिला.

दुर्मीळतेमागोमाग नक्कलही आली. भिंगातून पाहिले असता जुन्या शिळाछापाचे ठिपके हाताने टिंबल्यासारखे अनियमित दिसतात. आधुनिक मुद्रणात त्यांची नियमित जाळी आढळते. पण संग्राहकाची किंमत एवढ्याने ठरली, तरी इतिहासाची ठरत नाही. अनेक घरांत देवीच्या छापील लुगड्यावर जरी आणि टिकल्या शिवून तिला सजवले गेले. यंत्राने सारख्या काढलेल्या हजारो प्रतींतील ती एक प्रत त्या हातांनी एकमेव केली. पोस्टकार्डामागची चार ओळींची खुशालीही तशीच. मूळ चित्र चित्रकाराचे असते. अशी प्रत तिच्या घराचीही असते.

म्हणून जुनी तसबीर विसर्जित करण्यापूर्वी तिच्या खालच्या काठावरील छापखान्याचे नाव एकदा वाचून पाहावे.